यान झाडतं कोण, बशीर?

बशीर, तेवीस वर्षं मी तुला अहो-जाहो केलं. 'बशीरभाई, फर्मे आले', 'बशीरभाई, चहा सांगू का', 'बशीरभाई, जरा हळू बोला, आत मालक आहेत'. आता ते बंद. देवाला आणि मेलेल्या माणसाला आपण अरे-तुरेच करतो, आणि तू देव तर नव्हतास. पटत नसेल तर ये आणि भांड माझ्याशी.

तुझी शोकसभा झाली. साडेसहाची सभा साडेसातला सुरू झाली, कारण हार यायचा होता. एका प्राध्यापकांनी तुला 'विज्ञानसाहित्याचा मूक साधक' म्हटलं. मूक! तुझा आवाज बाइंडिंगच्या दुकानातून समोरच्या तालमीत ऐकू जायचा. दुसरे म्हणाले, बशीरभाईंनी आयुष्यात कुणाचं मन दुखावलं नाही. मला हसू फुटलं म्हणून मी पदर तोंडाला लावला, तर शेजारची बाई माझ्या पाठीवरून हात फिरवायला लागली. तिसऱ्यानं तुझी एक ओळही वाचलेली नव्हती. तुला ग्रहताऱ्यांचं वेड होतं, असं तो वीस मिनिटं सांगत होता. अरे, तुला शुक्र कुठला आणि विमानाचा दिवा कुठला हे शेवटपर्यंत कळलं नाही. तुला आकाशाशी काय घेणं होतं? आकाशात गेलेल्या लोकांची भांडी कोण घासतं, एवढंच तुला विचारायचं असायचं.

सभा संपल्यावर आपल्या मासिकाचे संपादक पाटीलसर माझ्याकडे आले. म्हणाले, "वसुधाबाई, स्मृती अंक काढतोय. दोन पानं तुम्ही द्या. जरा हृदयस्पर्शी." हृदयस्पर्शी! तू असतास तर ह्या शब्दावर एक अख्खं परीक्षण लिहिलं असतंस. पण मी लिहितेय, कारण मला एक गोष्ट सांगायची आहे. ती तुला जिवंतपणी सांगायला हवी होती.

तुला माहीत आहे ते वाचणाऱ्यासाठी आधी सांगून टाकते. शिवाजी पेठेत आमचा छापखाना, त्याला लागून तुझं बाइंडिंगचं दुकान. मी तिथं प्रुफं तपासते. आमच्याकडं छापलेले मोठे कागद तुझ्याकडं यायचे, तू त्यांच्या घड्या घालायचास, एका कागदाची सोळा पानं, म्हणजे एक फर्मा. असे फर्मे एकावर एक रचून शिवायचे, वर पुठ्ठा चढवायचा, झालं पुस्तक. हे तुझं पोटापाण्याचं. आणि जिवाचं म्हणजे महिन्यातनं एक परीक्षण, आपल्या कामगार चळवळीच्या मासिकात, जे तीनशे लोक घेतात आणि त्यातले शंभर वाचतात. परीक्षण कशाचं? तर सिनेमावरनं, मालिकेवरनं, नाहीतर पोरांच्या व्हिडिओ गेमवरनं पाडलेल्या इंग्रजी कादंबऱ्यांचं. कव्हरवर नटाचा फोटो, आत यानं, रोबो, परग्रहावरचे हिरवे लोक. जिलब्या पाडाव्यात तशा पाडलेल्या. रद्दीवाल्याकडं किलोवर यायच्या आणि तू त्यातनं हुडकून काढायचास. सदराचं नाव 'यान झाडतं कोण?'. एकोणीस वर्षं.

दहावी नापास माणूस, उशाला डिक्शनरी घेऊन इंग्रजी शिकला आणि शिकून वाचलं काय, तर हे. मी पहिल्यांदा विचारलं तेव्हा तू म्हणाला होतास, "चांगल्या पुस्तकांचं परीक्षान करायला लई शाणी माणसं हायत, बाई. ह्या कचऱ्याला कोन न्हाय. आनि मालकलोक खरं काय बोलत्यात ते कचऱ्यातच गावतंय."

वाचायची तऱ्हा पण काय! पुस्तक घरी नेलंस असं कधी झालं नाही. आधी त्याचा कणा सुरीनं कापायचास, सोळा-सोळा पानांच्या गड्ड्या करायचास आणि रोज एक गड्डी शर्टाच्या खिशात. चहाच्या गाड्यावर, दवाखान्याच्या रांगेत, फुटबॉलच्या मॅचला हाफटाइममध्ये. फर्म्यांची सवय झालेल्या माणसाला सबंध पुस्तक हातात जड होतं म्हणे. गड्डी हरवली तर हरवली. एका परीक्षणात तू लिहिलंस, 'सत्त्याण्णव ते एकशे बारा ही पानं मॅचच्या गर्दीत पडली. कथेला काही फरक पडला नाही.'

फरक पडला होता, बशीर. त्याच परीक्षणात तू त्या लेखकाला सोलून काढलं होतंस. यानातला मेकॅनिक पहिली शंभर पानं दिसतो आणि मग एकदम गायब होतो, कामगार म्हटला की लेखकाला त्याचा विसरच पडतो, मालकांच्या डोळ्यांनी बघणाऱ्यांचं असंच असतं, वगैरे दोन कॉलम. पुढच्या महिन्यात गडहिंग्लजहून एका हायस्कूलच्या मास्तरांचं पत्र आलं. मेकॅनिक पान एकशे तीनवर मेला आहे, यान वाचवताना मेला आहे, चांगली सहा पानं मरतो आहे, आणि ती पानं तुम्ही मॅचला घालवलीत. सगळा छापखाना हसला. पुस्तकाचे तुकडे करून वाचणारा आणि तुकडा हरवल्यावर लेखकाला फाशी देणारा परीक्षक जगात दुसरा नसेल. मला वाटलं, आता तरी हा माणूस 'चुकलो' म्हणेल. तू पत्र छापायला लावलंस आणि खाली उत्तर दिलंस: 'मेकॅनिक मेला हे मान्य. त्यानंतर दोनशे पानं आहेत. त्यात कुणी एकानं त्याचं नाव काढलं का? नाही. मग माझं चुकलं कुठं?' असला कोडगा माणूस.

पण उत्तर बरोबर होतं. हे मी तेव्हा म्हटलं नाही, आता म्हणते.

परीक्षणाच्या शेवटी निकाल असायचा. तीनच निकाल. 'पुडा' म्हणजे पानं भडंगवाल्याला पुड्या बांधायला द्या. 'अस्तर' म्हणजे पानं रजिस्टरच्या पुठ्ठ्याला आतनं चिकटवा, निदान काही काम तरी करतील. आणि 'बांधणी' म्हणजे कापडी पाठ, सोनेरी अक्षरं, पक्कं बांधून जपून ठेवायचं पुस्तक. तू निकाल नुसता लिहायचा नाहीस, अमलात आणायचास. कागल तालुक्यातल्या कितीतरी शाळांच्या हजेरीपटांत आज पुठ्ठ्याखाली इंग्रजीतली अंतराळयुद्धं पडून आहेत, आणि वर 'कांबळे, हजर' चालू आहे. 'बांधणी' मात्र एकोणीस वर्षांत कुणाला मिळाली नाही. एका लघुग्रहावर खाणकामगार आहेत, तीनशे जण एका परिच्छेदात चिरडून मरतात, आणि कॅप्टनचा प्रेमभंग चाळीस पानं चालतो: पुडा. एक जण काळयंत्रात बसून भूतकाळात जातो, कशाला, तर बापाच्या कारखान्यातला संप फोडायला: पुडा. एका गेमवरच्या कादंबरीत नायकाला ढांगेढांगेवर भरलेल्या काडतुसांच्या पेट्या सापडतात. 'ह्या पेट्या भरून ठेवणाऱ्या बाया कुठं आहेत? त्यांना जेवायची सुट्टी किती?' असं तू लिहिलंस आणि त्याला अस्तर दिलंस. का, तर नायकाला एकदा भूक लागते म्हणून.

ह्यावरून आपलं भांडण. ते तसंच राहिलं. मी म्हणायची, तुमच्या गरिबाला आकाशाकडं बघायची परवानगी आहे की नाही? दिवसभर घड्या घालून वैतागलेल्या माणसाला घटकाभर मंगळावर जावंसं वाटलं तर तुमच्या क्रांतीचं काय बिघडतं? तू म्हणायचास, "जाऊ दे की. खरं तिथं पन मुकादम हाय का बघायला नको?" मी म्हणायची, तुम्हाला ही पुस्तकं आवडतात. शिव्या घालायला कुणी एवढं वाचत नाही. दोनशे कादंबऱ्या! ह्यावर तू कागद दाबायच्या हाडाच्या पट्टीनं घडी मारायचास, जरा जास्तच जोरात, आणि विषय बदलायचास.

आणि हो, सभेत हे कुणी सांगितलं नाही म्हणून मीच सांगते. यान झाडतं कोण, असं जगाला विचारणाऱ्या ह्या कॉम्रेडचं दुकान रोज सकाळी कोण झाडत होतं? तुझी बायको, जैबुनभाभी. एकदा मी तुला सगळ्यांसमोर विचारलं. तुझं तोंड बघण्यासारखं झालं होतं. दुसऱ्या दिवशीपासनं तू स्वतः झाडू घेतलास, कचरा आमच्या दारात लोटलास, असं आठ दिवस चाललं. नवव्या दिवशी भाभी परत आल्या. "त्येंच्या झाडन्यानं माझं काम वाढालंय," म्हणाल्या. तुझी क्रांती आठ दिवसांची, बशीर. माझी तर तेवढीही नव्हती, ते आता येतंच आहे.

सहा वर्षांपूर्वी आपल्याकडं मंगळ आला होता, आठवतं? एका गोदामात ट्रकनं तांबडी माती ओतून मराठी वेब मालिकेचं शूटिंग. मंगळावरची मराठी वसाहत. त्या कंपनीची पत्रकं आमच्याकडं छापायला आली. मजकूर इतका भिकार होता की मी न विचारता तो सरळ करून टाकला. कंपनीचा माणूस वाचून म्हणाला, "मॅडम, आम्हाला ह्या मालिकेवर कादंबरी पण काढायची आहे. तुम्हीच लिहा की." पुस्तक 'तांबडी छावणी', लेखकाचं नाव मात्र त्यांनी ठरवलेलं, विक्रम अधिराज. माझं कुठं येणार नाही आणि मी कुठं सांगायचं नाही.

मी एक्कावन्न वर्षांची होते. जन्मभर दुसऱ्यांच्या पुस्तकांतले वेलांटी-उकार बघितले. इतक्या वर्षांत माझ्याकडं पुस्तक कुणी मागितलं नव्हतं, त्यानं मागितलं. मी हो म्हटलं. ज्या मालाला माझा मित्र जन्मभर शिव्या घालत आला, तोच माल पाडायला मी बसले. घरी, स्वयंपाकघरातल्या टेबलावर, दीड महिना. आणि काय सांगू, मला मजा आली. मी कधी इतकी खूश नव्हते. मालिकेत नसलेली एक बाई मी त्यात घातली. गंगव्वा, निपाणीकडची, छावणीत झाडलोट करणारी. कॅप्टनपेक्षा तीच मोठी होत गेली. शेवटी हवा पुरवणारी कंपनी हवेचं रेशन कमी करते तेव्हा झाडणाऱ्या सगळ्या बाया खाली बसतात, गाळण्यांत तांबडी धूळ साचत जाते, यंत्रं घरघरायला लागतात. कॅप्टन हुकूम सोडतो. गंगव्वा झाडू त्याच्या पायाशी ठेवते आणि विचारते, "उद्यापासनं झाडतंय कोण?"

तुझं वाक्य, बशीर. तुझ्या सदरावरनं उचललेलं. चोरलं म्हण. मला ते तिच्याच तोंडात शोभतंय असं वाटलं.

पुस्तक आमच्याकडंच छापलं. शेवटचा फर्मा छापून तुझ्याकडं गेला आणि चार दिवसांनी कंपनीतनं फोन. झाडूवालीवर शेवट नको, कॅप्टनवर पाहिजे, त्याचा पुढचा सीझन आहे. मी काय केलं? भांडले? लेखन मागं घेते म्हटलं? काही नाही. मी 'बरं' म्हटलं. एवढं पटकन म्हटलं की पलीकडचा माणूसच गोंधळला. दुपारी दोनला बसले आणि पाचला गंगव्वाला मारून मोकळी झाले. हवेच्या गळतीत, एका ओळीत. मग कॅप्टन सगळ्यांना वाचवतो.

नवा फर्मा तुझ्याकडं पाठवला त्या दिवशी तू जुना कागद हातात घेऊन दारात उभा होतास.

"शेवटचा फर्मा बदलला व्हय, बाई?"

"हो. कंपनीनं बदलला. जुने रद्दीत टाका."

"लेखक काय म्हनला?"

"लेखकाला विचारतंय कोण, बशीरभाई."

"आसं," तू म्हणालास. माझ्याकडं बघत राहिलास. "मग टाकतो."

त्यानंतर महिन्यानं तुझं परीक्षण आलं. मराठी पुस्तकाचं तू कधी लिहीत नव्हतास, ह्याचं लिहिलंस. एरवी हस्तलिखित टाकून निघून जाणारा माणूस, त्या दिवशी प्रुफं निघेपर्यंत थांबलास, माझ्यासमोर स्टूल घेऊन बसलास. मी वाचत होते. 'झाडूवाली एका ओळीत मरते. कॅप्टनच्या डोळ्यात पाणी येतं, ते दीड पान वाहतं.' पुढं: 'हा लेखक बिनडोक असता तर मी दोन ओळींत संपवलं असतं. पण ह्याला लिहिता येतं. ह्याला गंगव्वा दिसली आहे. दिसलेल्या बाईला मारणारा, न दिसणाऱ्यापेक्षा वाईट. लेखक भित्रा आहे.' आणि निकाल: 'पुडासुद्धा नको. भडंग कडू लागेल.'

मी दोन ठिकाणी दुरुस्त्या केल्या. मला मिळालेल्या शिव्यांचं शुद्धलेखन मीच तपासलं.

"काय चुकलंय का?" तू विचारलंस.

"नाही. ठीक आहे."

"न्हाय, नीट बघा. काय काढायचं आसंल तर आत्ता सांगा."

"काही काढायचं नाही," मी म्हटलं. तू स्टूल जागेवर ठेवलंस आणि गेलास.

अंक आला, वाचणाऱ्या शंभर लोकांना विक्रम अधिराजाची फजिती कळली. मालिका एका सीझनात बुडाली, तिच्याबरोबर पुस्तकही. तू रोज चहा प्यायला येत राहिलास. मी रोज 'साखर कमी' सांगत राहिले. सहा वर्षं.

शेवटी दवाखान्यात आले तेव्हा ठरवूनच आले होते. तुझ्या नाकात नळी होती. तू मला खुणेनं बसायला सांगितलंस, भाभींना बाहेर जायला सांगितलंस. म्हणालास, "बाई, काय सांगायचं हाय काय?"

मी म्हटलं, "डाळिंब आणलंय."

तू हसलास. नळीतनं कसला तरी आवाज आला. "मग सोला की."

मी अर्धं डाळिंब सोललं, तू पाच-सहा दाणे खाल्लेस, आणि मी परत आले. आठ दिवसांनी तू गेलास. दफनाच्या वेळी मी कब्रस्तानच्या फाटकाशी रस्त्यावर उभी होते आणि तुझ्यावर मला इतका राग आला होता की रडू येत नव्हतं. आणखी एकदा विचारलं असतंस तर? एकदाच विचारून गप्प का बसलास?

असो. आता सभेनंतरचं सांगते. पाटीलसर तुझ्या परीक्षणांचा संग्रहही काढतायत. निवड माझ्याकडं. परवा म्हणाले, "बाई, ते 'तांबडी छावणी'चं परीक्षण वगळूया. फार कडू आहे. लेखक कुणीतरी हयात असेल, उगाच दुखावेल." आणि मी काय म्हणाले असेन? "बरं. वगळा." तोच 'बरं', बशीर. तू मातीत गेलास तरी माझ्या तोंडातला तो शब्द काही जात नाही. घरी येऊन आरशात बघवेना.

काल भाभींचा फोन आला. दुकान मोकळं करायचं होतं, औजारं कुठली आणि भंगार कुठलं ते त्यांना कळेना. मी गेले. सुऱ्या, पट्ट्या, खळीचं पातेलं, दाबायचा लोखंडी शिकंजा. कोपऱ्यात न वाचलेल्या कादंबऱ्यांचा गठ्ठा, वरचीचा कणा अर्धा कापलेला. तुझ्या खुंटीवरच्या शर्टाच्या खिशात सोळा पानं सापडली. मी ती वाचली. एक रोबो पावसात उभा राहून गंजतोय, एवढंच. कडेला तुझ्या पेन्सिलीनं लिहिलेलं होतं, 'हे बरं जमलंय'. चोर! आवडत होतं ना?

मग भाभी स्टुलावर चढल्या आणि सगळ्यात वरच्या फळीवरनं वर्तमानपत्रात बांधलेलं एक पुडकं काढलं. "ह्ये तुमचं हाय, बाई."

"माझं?"

"त्येनी सांगून ठेवल्यालं. बाई मागतील तवा द्यायचं, त्येच्या आदी न्हाय." मग त्या पुडकं माझ्या हातात देत म्हणाल्या, "तुमी कदी मागिटलंच न्हाय. म्या तरी किती दिस सांबाळू?"

मी कागद सोडला. गर्द तांबडं कापड, कोपऱ्यांना चामडं, आत शिलाई इतकी घट्ट की पानं उघडताना करकरली. मी सरळ शेवटी गेले. शेवटचा फर्मा जुना होता. रद्दीत टाकतो म्हणालेला. गंगव्वा जिवंत. बाया खाली बसलेल्या, गाळण्यांत धूळ, कॅप्टन ओरडतोय, आणि ती झाडू ठेवून विचारतेय. त्या वाक्याखाली तू काही लिहिलं नव्हतंस, नुसती पेन्सिलीची एक रेघ. आतल्या पुठ्ठ्यावर, बांधलं त्या दिवसाची तारीख तू नेहमी टाकायचास तिथं, तारीख. परीक्षण दिलंस त्याच आठवड्यातली. एकीकडं तू मला भित्रा म्हणून छापायला दिलंस, आणि दुसरीकडं, त्याच हातांनी, हे बांधत बसला होतास.

पाठीवर सोनेरी अक्षरं. वर 'तांबडी छावणी'. खाली विक्रम अधिराज नव्हतं. खाली होतं: वसुधा चौगुले.

नालायका. सहा वर्षं माहीत होतं. सहा वर्षं चहाच्या कपाआडनं बघत होतास, ही बाई आज बोलते का, उद्या बोलते का. आणि ती बाई डाळिंब सोलत बसली. भाभी म्हणाल्या, "रडा की. कोन हाय हितं बघायला." मग मी रडले. हृदयस्पर्शी बिरदयस्पर्शी काही नाही, नाक गळेपर्यंत, त्या खळीच्या वासात.

नंतर भाभींनी सवयीनं झाडू उचलला. मी तो त्यांच्या हातातनं घेतला. त्या नको नको म्हणाल्या, मी ऐकलं नाही. तुझं सगळं दुकान मी झाडलं, फळीखालून, शिकंज्याखालून, तेवीस वर्षांच्या कातरणांचा ढीग निघाला. भाभी स्टुलावर बसून चहा प्यायल्या आणि कोपरा राहिला, कोपरा राहिला असं सांगत होत्या.

तिथूनच पाटीलसरांना फोन लावला. म्हटलं, ते परीक्षण संग्रहात घ्यायचं. पहिलंच घ्यायचं, आणि त्यातलं एक अक्षर काढायचं नाही.

"अहो बाई, पण तो लेखक दुखावला तर?"

"दुखावलाय की. सहा वर्षांपूर्वीच. तो लेखक मीच आहे, सर."

मग म्हणाले, "बरं... मग तशी एक टीप टाकायची का खाली?"

"टीप नको. तुम्ही मागितलेल्या लेखाखाली मी सही करते, ती तेवढी नीट छापा."

ते पुस्तक आता माझ्या टेबलावर आहे. उद्या कंपनीनं वकिलाची नोटीस पाठवली तर पाठवू दे, मी त्यांना ही प्रत दाखवीन. दोनशे कादंबऱ्यांत 'बांधणी' एकाच पुस्तकाला मिळाली आणि तो निकाल तू कुणाला कळू दिला नाहीस. म्हणून इथं छापतेय. ह्या वेळी प्रुफं मी तपासणार नाही, पाटीलसरांना सांगितलंय, दुसऱ्या कुणाला तरी द्या. माझा हात परत 'बरं' म्हणेल अशी मला भीती वाटते.

— वसुधा चौगुले
'तांबडी छावणी' ह्या कादंबरीची लेखिका